भुयारी मार्गातलं ते कडवं

द स्मिथ्स या इंग्लिश बँडचं 'देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट' हे मरणाच्या ओढीचं गाणं आहे, असं म्हटलं जातं. ध्रुवपदात दोघांना एकत्र चिरडणाऱ्या डबलडेकर बसमुळे तसं वाटणं साहजिक आहे, पण मला ते पटत नाही. गाण्याचा जीव दुसऱ्या कडव्यात आहे. अंधाऱ्या भुयारी मार्गात गाण्यातल्या पोराला वाटतं, आता विचारावं. तेवढ्यात भीती दाटते आणि तोंडून शब्दच फुटत नाही. मग तेच ध्रुवपद पुन्हा येतं, तेव्हा लख्ख कळतं की या पोराला मनातलं बोलण्यापेक्षा सोबत मरणं सोपं वाटतंय! गाडीही त्याची नाही, तो नुसता शेजारी बसलाय. घरी परतायची त्याची तयारी नाही.

बँडचा गिटारवादक जॉनी मारची गाण्यातली ती तंतुवाद्यं सिंथेसायझरवरची आहेत, तरी काळजाला हात घालतात.

गाणं 'द क्वीन इज डेड' या अल्बममध्ये १९८६ साली आलं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या, रफ ट्रेडच्या, जेफ ट्रॅव्हिसला सिंगल म्हणजे सुटं गाणं म्हणून हेच हवं होतं, मारने मात्र त्याच अल्बममधल्या 'बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन'चा आग्रह धरला. ब्रिटनमध्ये हे सिंगल निघालं थेट १९९२ मध्ये, बँड फुटून पाच वर्षं झाल्यावर.