अनुभव धागा: क्रूझवर राहून आलेल्या इंदूरकरांनो, इकडे या

रामबागची लेक

मंडळी, डिसेंबरात आम्ही घरचे नऊ जण क्रूझवर जायचं म्हणतोय. मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि परत मुंबई, पाच रात्री. आई ७४ वर्षांची, गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारलाय. भाचा साडेतीनचा. बाकी सगळे मधल्या वयाचे आणि मधल्या अकलेचे.

आईने आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे ओंकारेश्वरला पूर आलेली नर्मदा. तिला खर्च किती, खोली केवढी, यातलं काही विचारायचं नाही. तिचा एकच प्रश्न आहे: जहाज हललं तर माझा बाळकृष्ण पडेल का? (बाळकृष्ण सोबत येणार आहे. वाद घालून झाला, आम्ही हरलो.)

जाहिरातीत नुसता स्विमिंग पूल आणि निळं पाणी दिसतं. मला हवंय ते त्यापलीकडचं. दिवसभर करायचं काय, चुकलं काय, कशाचे पैसे उगाच गेले, आणि पुन्हा गेलात तर काय वेगळं कराल. कामाला म्हणून जाऊन आलेल्यांनीही जरूर लिहा. एकच अट: "अप्रतिम, नक्की जा" याला अनुभव म्हणत नाहीत.

छप्पनभोगी

अपन दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून गेलो होतो. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत. खाण्याबद्दल लिहिणारच आहे, पण आधी फजिती.

फुकेतला उतरलो. परत चढायची वेळ जहाजाच्या घड्याळाने साडेचार. फोनमध्ये साडेतीन वाजले होते, म्हणून आम्ही निवांत बसून शहाळं पीत होतो. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे आणि जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत होतं. फोनने शहाणपणा करून आपणहून वेळ बदलून घेतली होती. बायकोच्या हातात तिच्या बाबांचं चावीचं घड्याळ होतं, त्यावर साडेचार वाजत आलेले तिला दिसले. पुढची दहा मिनिटं आम्ही कसे पळालो ते धक्क्यावरच्या निम्म्या जहाजाने वर रेलिंगला उभं राहून पाहिलं. लोक टाळ्या वाजवत होते, भिया! तेव्हा साधं मनगटी घड्याळ न्या आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. जहाज कुणासाठी थांबत नाही. ते सुटलं तर पुढचं बंदर गाठायचा खर्च तुमचा.

दुसरं व्हिसाचं. जहाज सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच येतं, म्हणजे त्या देशात दोनदा शिरणं आलं. आमच्या एजंटने सांगितलं, "सिंगल एंट्री चालून जाईल." चालत नाही. निघायच्या नऊ दिवस आधी शेजारच्या काकांनी कागद वाचला म्हणून वाचलो. मुंबई-गोव्याला तुम्हाला ही भानगड नाही.

आता खाणं. शाकाहारी, जैन जे काही असेल ते बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा. चढल्यावर सांगितलं तर सॅलड आणि सहानुभूती मिळते. बुफेत पोहेही होते, पण त्या पोह्यांना ना शेव, ना जिरावण मसाला, ना बडीशेप. तिसऱ्या दिवशी मी खिशात जिरावणाची पुडी घेऊन नाश्त्याला गेलो. शेजारच्या टेबलावरून एक चेन्नईचं कुटुंब बघत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी वाटी पुढे केली. पाकीटबंद कोरडा खाऊ बहुतेक ठिकाणी नेऊ देतात, घरचं शिजवलेलं नाही.

लोकमान्यनगरची सून

आमच्या एजंटने "सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची, व्ह्यू बघा मॅडम" म्हणून जी केबिन दिली, तिने माझे पहिले दोन दिवस खाल्ले. सी-सॉ आठवा. टोकाला बसलेला वरखाली होतो, मधला जागच्या जागी. जहाजाचंही तसंच. पुढचं टोक आणि वरचे मजले जास्त हलतात, मधली आणि खालची खोली सगळ्यात शांत. ती स्वस्तही असते.

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर न्या आणि हलायला लागण्यापूर्वी घ्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. मी आधी मोठेपणाने म्हणाले होते की घाटात मला काही होत नाही. घाटात बस वळते हो, जमीन हलत नाही! बरं वाटेना की उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसायचं. खोलीत पडून मोबाइल बघितला की संपलंच.

तिसऱ्या दिवसापासून मात्र इतकं सवयीचं झालं की घरी आल्यावर दोन दिवस बाथरूम हलत होतं.

पातालपाणी

फोन एअरप्लेन मोडवर टाका. धक्का सुटायच्या आत. जहाजावर स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन ते गुपचूप पकडतो आणि ते तुमच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. साल्याशी अकरा मिनिटं बोललो, चार हजारांच्या वर बिल आलं. विषय होता त्यांच्या कुलरची मोटर.

बिलावली

मला नाही आवडलं, आणि ते लिहायलाही कुणी हवंच. रात्री दीडपर्यंत डीजे, मधोमध कसिनो, लिफ्टसमोर रांग, पूलमध्ये माणसावर माणूस. एबी रोडवरचा मॉल पाण्यात सोडलाय असं वाटलं. चांगलं आठवतं ते एकच. पहाटे साडेपाचला डेकवर मी आणि फरशी धुणारा एक मुलगा, दोघंच. चहू बाजूंनी पाणी, आणि काही म्हणजे काही दिसत नाही. त्या एका तासासाठी एवढे पैसे द्यायचे का ते ज्याचं त्याने ठरवावं.

खालचा मजला

वरचा तो फरशी धुणारा मुलगा मी नव्हे, पण असू शकलो असतो. सहा कॉन्ट्रॅक्ट केली, सगळी हाउसकीपिंगमध्ये, परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर. आता इंदूरला परत आलोय.

एक कॉन्ट्रॅक्ट सात-आठ महिन्यांचं. त्यात रविवार नाही, दिवाळी नाही. नियमाने २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते, त्याची नोंदही ठेवतात. उरलेल्या वेळात काम. माझ्याकडे अठरा केबिन होत्या, सकाळ-संध्याकाळ. प्रवासी बदलायचा दिवस सगळ्यात कठीण. जुने नऊ-साडेनऊला उतरतात, नवे बारापासून चढायला लागतात. मधल्या वेळात अठरा खोल्यांच्या चादरी, बाथरूम, बाल्कनी, सगळं असं करायचं की तिथे आधी कुणी झोपलंच नव्हतं.

लोकांना पलंगावरचा टॉवेलचा हत्ती फार आवडतो. मोठा टॉवेल दोन्ही टोकांकडून मधोमध गुंडाळायचा आणि दुमडून उभा करायचा, झाले चार पाय. लहान टॉवेलची सोंड आणि कान करून तो वर बसवायचा. शिकताना मला वीस मिनिटं लागली आणि हत्ती बसलेल्या कुत्र्यासारखा दिसला. नंतर मिनिटभरात व्हायचा. एका काकूंनी सात दिवसांतले सातही प्राणी न मोडता सोफ्यावर मांडून ठेवले आणि मग टॉवेल कमी पडतात म्हणून तक्रार केली.

आम्ही राहायचो पाण्याच्या पातळीखाली. दोघांत एक खोली, खिडकी नाही, वरखाली बंक आणि त्याला पडदा. तो पडदा ओढला की तेवढंच आपलं घर. खाली जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब रस्ता जातो. आमच्याकडे त्याला आय-नाइंटीफाइव म्हणायचे, अमेरिकेतल्या हायवेवरून. ट्रॉल्या, बटाट्याची पोती, युनिफॉर्म, पळणारे वेटर, सगळं तिथून. राजवाड्याची दिवाळीतली गर्दी रोज बघायची असेल तर तिथे बघा.

पहिल्या आठवड्यात कचऱ्याचं प्रशिक्षण झालं. काच वेगळी, डबे वेगळे, बॅटऱ्या वेगळ्या, उरलेलं अन्न वेगळं, आणि प्लॅस्टिकचा एक तुकडाही समुद्रात जाता कामा नये, तो आंतरराष्ट्रीय कायदा आहे. फिलिपिनो सुपरवायझर तासभर समजावत होता. मी म्हटलं, सर, आमच्या गल्लीत गाडी येते ती सहा प्रकारचा कचरा वेगळा घेते. त्याला खोटं वाटलं. मी आईला फोटो पाठवायला लावला. तेव्हापासून कॉन्ट्रॅक्ट संपून उतरेपर्यंत मला तिथे कचऱ्याचा तज्ज्ञ समजत होते, पगार तेवढाच.

आता धागाकर्तीच्या आईंसाठी. बाळकृष्ण पडणार नाही. एक नॅपकिन ओला करून घट्ट पिळा, पसरा आणि त्यावर ताम्हन ठेवा. समुद्र खवळला की आम्ही ट्रे आणि पेल्यांखाली तेच करायचो, ओल्या कापडावरून वस्तू घसरत नाही. मात्र निरांजन, उदबत्ती अजिबात नाही. छतावर धुराचा सेन्सर असतो आणि जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. माझ्या बंकच्या फळीवर सुपारीचा गणपती होता. त्याला सहा कॉन्ट्रॅक्ट बॅटरीचा दिवाच लावला.

इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, बॅगेतून काढून ठेवतात. चुंबकाचे हूक न्या. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, नऊ जणांच्या टोप्या आणि ओले कपडे टांगायला उपयोगी पडतील.

आणि ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याचा सराव, चुकवू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपापल्या मस्टर स्टेशनवर, संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला धडकली आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्यांचा ड्रिल तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर तो निघण्याआधी किंवा निघताच घ्यायचा असा नियम झाला. लोक ड्रिलच्या वेळी बाथरूममध्ये लपतात. मी स्वतः बाहेर काढलेत.

सुदामानगर

@खालचा मजला, भाऊ, माझ्या मुलाचं हॉटेल मॅनेजमेंट यंदा संपतंय. इथल्या एका एजंटने दीड लाख मागितलेत, "जॉइनिंग पक्कं" म्हणतो. द्यावेत का?

खालचा मजला

एक रुपया देऊ नका, काका. जहाजावर नोकरी लावून दिली म्हणून मुलाकडून पैसे घेणं आंतरराष्ट्रीय नियमाने बंद आहे. जी एजन्सी माणसं पाठवते तिच्याकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो. नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या यादीत स्वतः ताडून बघा. नंबर विचारल्यावर जो चिडतो तो गेला.

मुलाला खर्च येतो तो वेगळा: एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बेसिक सेफ्टी ट्रेनिंग, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून मेडिकल आणि मार्गाप्रमाणे पिवळ्या तापाची लस. व्हिसाचा खर्च नियमाने कंपनीचा. ही पावतीची कामं आहेत. आणि त्याला विचारा, सात महिने सुट्टीशिवाय काम जमेल का. माझ्या बॅचचे तिघे पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या मध्यातच घरी परतले, तिघेही कामाला चोख होते. एकाला फक्त खिडकी नसलेली खोली सोसली नाही.

नारायणबागेतले दोघे

आम्ही ७१ आणि ६८. लक्षद्वीपला जाऊन आलोत, म्हणून रामबागच्या लेकीला महत्त्वाचं सांगतो, जे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि तिथून लहान होडीत उतरून बेटावर जायचं. होडी वर येते, खाली जाते, ती वर आली की पाऊल टाकायचं. दोन माणसं दंडाला धरतात, पण पाऊल आपणच टाकावं लागतं. ह्यांनी टाकलं. मी दारापर्यंत जाऊन परत फिरले, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. रिकाम्या जहाजावर दिवसभर पुस्तक वाचलं, चहा कितीदाही मिळतो. समुद्र खवळलेला असला तर बेटावर उतरणं रद्दही होतं, तशी मनाची तयारी ठेवा.

जहाज फार मोठं नाही हे तुमच्या आईंच्या पथ्यावर पडेल. आम्ही गेलो ते एम्प्रेस १९९० सालचं, सुमारे ४८,००० टनांचं. नातू ज्याचे व्हिडिओ दाखवतो ते आयकॉन ऑफ द सीज २,४८,००० टनांच्या वर आहे. (हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या जागेचं माप असतं, असं ह्यांचं म्हणणं. सिंचन खात्यातून निवृत्त आहेत, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं.) तिकडे जेवायला जायचं तरी रामबागेतून राजवाड्याला जाण्याइतकं चालावं लागेल.

आणि अवंतिका एक्सप्रेसने सकाळी मुंबईला उतरून त्याच दिवशी जहाज गाठायच्या फंदात पडू नका. गाडी उशिरा आली तर तुम्ही बोरिवलीत आणि जहाज समुद्रात. आदल्या दिवशी मुंबई गाठा.

रामबागची लेक

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलंय. मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या तीन केबिन सांगितल्या. अवंतिकाची तिकिटं एक दिवस आधीची काढतेय. बेटावर उतरायचं की नाही ते आई होडीच्या दाराशी ठरवणार.

ओल्या नॅपकिनचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डिसेंबरात देवाला ओल्यावर बसवू?" आता ती बाळकृष्णाला लोकरीचं आसन विणते आहे, नॅपकिन त्याच्या खाली.

@छप्पनभोगी, नऊ जणांना दोन किलो शेव पुरेल ना?

छप्पनभोगी

पाच रात्री, नऊ इंदूरकर? दोन किलोत गोवासुद्धा येणार नाही.