डोंगरवाटेवर घरच्यांसोबत असताना झालेला अपघात : आपले अनुभव लिहा

गोदाकाठ

भाच्याने परवा हरिश्चंद्रगडाच्या पाचनईच्या वाटेवरचा फोटो पाठवला. डोक्यावर झुकलेल्या प्रचंड कातळाखालून आडवी जाणारी ती वाट पाहून जुनी आठवण उफाळून आली, म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही घरची सगळी मंडळी, लहान मुलांपासून साठी ओलांडलेल्या आत्यांपर्यंत, गड उतरत होतो. मुरमाड उतारावर आत्यांचा पाय सरकला आणि घोट्याचे हाड मोडले. पायावर भार देणे अशक्य होते आणि ऊन कलायला लागले होते. दोघे चुलतभाऊ खाली धावले आणि पाचनईतल्या माणसांना घेऊन आले. त्यांनी येताना जाड बांबू, दोर आणि घोंगडी आणली होती. घोंगडीची टोके पिळून त्यांनी बांबूला झोळी बांधली आणि आत्यांना अलगद तिच्यात निजवले. तीव्र उतार आला की पुढचे दोघे बांबू खांद्यावर घेत आणि मागचे दोघे तो कमरेपर्यंत खाली आणत, त्यामुळे झोळी जवळजवळ सपाट राही. एक मुलगा पुढे चालत वाटेतले सुटे दगड पायाने बाजूला सारत होता. "मावशी, तुम्ही नुसत्या पडून राहा, पाय हलवू नका," एवढेच ते अधूनमधून म्हणत होते.

आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला रस्त्यापर्यंत असेच न्यावे लागते, म्हणून हातांना सवय आहे, असे त्यांनी खाली आल्यावर सांगितले. आपण ज्या वाटेवर हौसेने जातो, तिथे राहणाऱ्यांसाठी झोळी हीच रुग्णवाहिका असते, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळले.

लेकुरवाळी

वाचताना काटा आला. आत्यांचा पाय पूर्ण बरा झाला का? आणि झोळी येईपर्यंत त्यांचा बूट काढला होता की तसाच ठेवला होता, हेही कृपया लिहावे.

गोदाकाठ

शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले, पण आता त्या व्यवस्थित चालतात. बूट काढला नव्हता, फक्त नाडी सैल केली होती.

हाडवैद्याची_लेक

ते योग्यच झाले. घोट्याला बूट आधार देतो, आणि वाटेवर तो ओढून काढताना मोडलेले हाड हलण्याचा धोका असतो. मात्र बोटे गार किंवा निळसर पडत नाहीत ना आणि त्यांना स्पर्श कळतो ना, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते. माझ्या दिराची नडगी नाणेघाटात मोडली तेव्हा आम्ही बसायच्या चटईची गुंडाळी पायाच्या दोन्ही बाजूंना लावून ओढण्यांनी बांधली होती. बांधताना मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर होतील, हे पाहिले. गाठी मात्र मोडलेल्या जागेवर येऊ दिल्या नाहीत.

घाटवाट

आमचा प्रसंग राजगडाचा आहे. गुंजवणे गावातून चढून चोरदरवाज्याच्या खालच्या टप्प्यात पोहोचलो असताना वर कुणीतरी धूर केला आणि आग्या मोहोळ उठले. पहिली माशी पुतणीला चावली आणि पाहता पाहता सगळ्यांभोवती घोंघाट सुरू झाला. नांगी मारल्यावर सुटणाऱ्या वासाने आणखी माश्या त्याच जागी येतात, त्यामुळे तिथे थांबून हात झाडत राहणे फार घातक असते. पण त्या अवघड टप्प्यावर आंधळेपणाने पळणे त्याहून घातक होते. माझ्या वडिलांनी मुलांच्या डोक्यावर चादरी टाकल्या आणि सगळ्यांना एकमेकांचा हात धरून, खाली पाहत उतरायला लावले. माझ्या मते त्या दिवशी जीव वाचले ते त्या शांतपणामुळे. मेहुण्यांचे ओठ सुजले आणि श्वास लागला, तेव्हा मात्र एक क्षणही न दवडता त्यांना दवाखान्यात नेले आणि अॅड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाल्यावर ते सावरले. नांग्या चिमटा शोधत न बसता नखाने लगेच खरवडून काढाव्यात, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

लेकुरवाळी

पुतणी पुन्हा डोंगरावर यायला तयार झाली का? माझी मुलगी साध्या घसरण्यानंतरही वर्षभर नाही म्हणत होती.

घाटवाट

हो, पण तिच्या कलाने घेतले. आधी पर्वतीवर नेले, मग सिंहगडावर. आता ती स्वतः सगळ्यांना अत्तर लावू नका म्हणून बजावते.

आल्प्सवासी

मी मूळचा साताऱ्याचा असून सध्या स्वित्झर्लंडमध्ये राहतो. आईबाबा आले असताना उतरणीवर बाबा पडले आणि त्यांच्या खुब्याला मार लागला. इथे १४१४ या क्रमांकावर रेगा ही हवाई बचावसंस्था मदतीला येते. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर करून इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे राहायचे, म्हणजे मदत हवी आहे असा त्याचा अर्थ होतो. फोन लागत नसेल तर एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची, मिनिटभर थांबायचे आणि पुन्हा वाजवायची. ऐकणारा मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो. सह्याद्रीतही शिट्टी प्रत्येक मुलाच्या गळ्यात असावी, असे मला मनापासून वाटते, कारण धुक्यात हाकेपेक्षा ती दूरवर ऐकू जाते.

कारवी

मी आमच्या भागातल्या बचावपथकात काम करते. घाबरलेली माणसे फोनवर आधी अपघात कसा झाला हे सांगत राहतात आणि तेवढ्यात बॅटरी किंवा रेंज जाते. आम्हाला सर्वांत आधी कोणत्या गावातून चढलात, शेवटची ओळखीची खूण कोणती दिसली, जखमी किती आहेत आणि ते शुद्धीवर आहेत का, एवढे कळायला हवे. १०८ किंवा ११२ ला फोन लावतानाही हाच क्रम ठेवावा. गोदाकाठ यांच्या भावांप्रमाणे मदतीला दोघांनी मिळून खाली जावे आणि बाकीच्यांनी जखमीला घेऊन जागा बदलू नये. स्ट्रेचर घेऊन अंधारात वर पोहोचल्यावर सांगितलेल्या ठिकाणी कुणीच नाही, असे आमच्या वाट्याला आलेले आहे, आणि मग आधी शोध आणि नंतर सुटका अशी रात्र दुप्पट लांबते.