प्रतिसाद: टर्बो बदलला, पंपाचं काय?

तुमचं म्हणणं असं की डिपस्टिकवर ऑइल पूर्ण होतं, तरी ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) गेला, आणि वर्कशॉप म्हणतंय चूक तुमचीच. ऑइलची पातळी आणि ऑइलचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! ऑइल पंप फिरलाच नाही तर भरलेल्या संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, काय उपयोग?

फोक्सवॅगन समूहाच्या २.० टीडीआय पंप-इंजेक्टर डिझेल इंजिनांपैकी बॅलन्स शाफ्ट (इंजिनाची थरथर कमी करणारा फिरता दांडा) असलेल्या काहींत हा दोष चांगलाच ओळखीचा आहे. बॅलन्स शाफ्टकडून पंपाला गती देणारा छोटा षटकोनी दांडा असतो. त्याच्या, किंवा तो बसतो त्या खाचेच्या, कडा झिजून गोल होतात. एक दिवस दांडा नुसता घसरतो, पंप थांबतो, इंजिन मात्र चालूच राहतं. सर्वात आधी टर्बोचं बेअरिंग जातं, मग क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची.

म्हणूनच मला राग येतो तो नुसता टर्बो बदलून गाडी परत देण्याचा. संप उघडून दांडा पाहिला का? मेकॅनिकल गेज लावून दाब मोजला का? नसेल, तर नवा टर्बोही टिकणार नाही.

वर्कशॉपचा मुद्दा असेल की दिवा लागल्यावर तुम्ही गाडी चालवत राहिलात. तसं झालं असेल तर तो मुद्दा खरंच वजनदार आहे, लपवू नका. पण दांडा झिजायला बराच काळ लागतो, तो त्या काही मिनिटांत झिजलेला नाही. जुना दांडा आणि बॅलन्स शाफ्टचं मॉड्यूल आजच लेखी मागून घ्या, फोटो काढा. भंगारात गेला की पुरावाच गेला.