मदत हवी आहे: बसऱ्याच्या लढाईत गेलेल्या पणजोबांची पलटण कशी शोधावी?

नमस्कार मंडळी,

माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातील आमच्या गावातून पहिल्या महायुद्धात गेले, ते परतले नाहीत. त्यांच्या पश्चात सरकारकडून आलेली कांस्याची चकती घरात आहे. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीवर ब्रिटानिया (ब्रिटनचे स्त्रीरूप प्रतीक) आणि सिंह आहेत. आजी ती कित्येक वर्षे विरजणाच्या गाडग्यावर झाकण म्हणून ठेवत असे. त्यामुळे सिंहाची आयाळ झिजली आहे, परंतु चौकटीतले इंग्रजी नाव अजून बोटाला लागते. अडचण अशी, की या चकत्यांवर नावाखेरीज हुद्दा, पलटण, क्रमांक काहीच नसे. चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर हे सारे असते. आमचे पदक मात्र बहात्तरच्या दुष्काळात सोनाराकडे गेले.

चावडीच्या भिंतीतील संगमरवरी पाटीवर गावातून किती जण गेले आणि किती कामी आले, एवढे आकडेच आहेत. मृत्यू परमुलखात झाल्यामुळे असेल, कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत) नोंद नाही. मिळाला तो १९१८ चा, मोडीतला, वारसाचा फेरफार.

घरची आठवण अशी, की ते ‘बसऱ्याच्या लढाईत’ गेले आणि १९१५ च्या दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले नाही. त्याच डिसेंबरात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूत-अल-अमाराला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पत्रे थांबणे आणि वारसनोंद यांत दोन वर्षांहून अधिक अंतर आहे, म्हणून ते कैदेत, कदाचित आजच्या सीरियातील रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर, वारले असावेत असा माझा तर्क आहे. अर्थात मेसोपोटेमियाला जाणारा प्रत्येक जण बसऱ्यालाच उतरे, आणि फेरफार उशिरा होणे आपल्याकडे नवे नाही.

युद्धात कामी आलेल्यांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर बसरा स्मारकाच्या यादीत या नावाचे तिघे सापडले. वडिलांचे नाव एकाच नोंदीत आहे, तेही जुळत नाही. एका अभिलेख कार्यालयाने सैनिक क्रमांकाशिवाय शोध घेता येणार नाही असे कळवले.

तेव्हा क्रमांक हाती नसताना, केवळ गाव आणि वडिलांचे नाव यांवरून कोणी पलटण शोधून काढली आहे काय? विधवेच्या पेन्शनची जुनी नोंद जिल्ह्याच्या कोणत्या दप्तरात पाहावी? फेरफारातील एक ओळ मला ‘लढाईत मयत’ अशी वाटते, मोडीचे जाणकार मित्र ‘लढाईत बेपत्ता’ वाचतात. छायाचित्र पाठवल्यास कोणी वाचून देईल का?