दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर भागिले वेग केलं तर तास का जुळत नाहीत?

शलाका_क:
बाबांना घेऊन दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानाने जायचंय. अंतर मोजणारी साइट साधारण १२,३७० किमी सांगते. ताशी ९०० ने भागलं की पावणेचौदा तास. तिकिटावर त्यापेक्षा दोन-अडीच तास जास्त आहेत, आणि परतीचा आकडा आणखी वेगळा. बाबांच्या गोळ्या ठरावीक तासांनी असतात. धरायचे किती तास?

वाटाड्या:
तिकिटावरचेच धरा. नोकरीत मी विमानांचे मार्ग आखायचो, आणि या भागाकाराशी तेव्हापासून माझं वाकडं आहे.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो तिबेटवरून उत्तरेला चढतो, सायबेरिया ओलांडून ७५ अंशांपलीकडे जातो आणि अलास्काकडून खाली येतो. साइटचे १२,३७० किमी म्हणजे हा दोरा. विमान काही त्यावरून जात नाही. केबिनमधला दाब गेला तर वैमानिकाला साधारण तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटात जमीनच साडेचार हजारांवर! शिवाय कुणाची हवाई हद्द कधी बंद होईल याचा नेम नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना वळसे पडले.

पण खरी गंमत वाऱ्याची. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात ताशी दोनशेच्याही वर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने याच फेरीसाठी अटलांटिक सोडून पॅसिफिकची वाट धरली. अंतर १३,९०० वरून १५,३०० किमी झालं, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे जवळपास दोन तास आधी. जमिनीवरचा सरासरी वेग हजाराच्या वर गेला! इंजिनाने जास्त जोर लावला म्हणून नव्हे, वारा पाठीशी होता म्हणून. परतीला त्याच वाटेने आलात तर तोच वारा छातीवर. म्हणून दोन्ही दिशांचे तास वेगळे.

ढगांपलीकडे:
पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं.

वाटाड्या:
हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, नाहीतर विषुववृत्तावर कायम ताशी सोळाशे किमीचं वादळ असतं. फिरण्याचा हिशेब वाऱ्याच्या दिशेत आधीच आलेला आहे, पुन्हा जोडू नका.

शलाका_क:
म्हणजे तिकिटावरचे तास पूर्ण उड्डाणाचे?

वाटाड्या:
नाही, गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचे. धावपट्टीपर्यंतची रांगही त्यात आली. वारा चांगला मिळाला तर अर्धा तास आधीही उतराल.

गोळ्यांसाठी बाबांच्या हातातलं घड्याळ विमानात भारतीय वेळेवरच राहू द्या. उन्हाळ्यात तिथली वेळ साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. उन्हाळ्यात पहाटे ४ ला निघून १६ तासांनी उतरलात तर तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील आणि बाबांच्या शरीरात रात्रीचे आठ. तिथल्या वेळेवर गोळ्या कशा सरकवायच्या ते मात्र निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिन असेल तर.