इन्युलीनच्या डब्याने पोट उतरतं का?

मुलुंडकर४४
वय ४४, कंबर ९६ सेंटीमीटर, नोकरी फोर्टात. जिमच्या ट्रेनरने "आतड्यातले चांगले जंतू वाढतात, चरबी आपोआप जाते" म्हणत १,३५० रुपयांचा इन्युलीनचा (न पचणाऱ्या तंतूंच्या पावडरीचा) डबा गळ्यात मारला. मी उत्साही प्राणी. पहिल्याच दिवशी जेवणानंतरच्या ताकात दोन मोठे चमचे! दुपारभर काही नाही. संध्याकाळी सीएसएमटीहून गाडी सुटली आणि भायखळ्यापर्यंत पोटाचा ढोल. त्या गर्दीतले हाल लिहीत नाही. शेजारच्या काकांनी दोनदा वळून पाहिलं एवढंच. आई म्हणते, "त्यापेक्षा गवार खा." यात काही तथ्य आहे की नुसता धंदा?

परळची_मास्तरीण
गॅस झाला म्हणजे माल खरा होता! (सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.) इन्युलीन म्हणजे फ्रुक्टोज या साखरेच्या रेणूंची साखळी. ती तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही, म्हणून ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथे पोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारचं ताक संध्याकाळी वाजलं. तिथे बायफिडोबॅक्टेरियमसारखे जंतू ती आंबवतात. इडलीचं पीठ फुगतं तसंच, भांडं फक्त तुमचं. वायूबरोबर अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसतात. शिवाय हे तिघे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं सोडायला मदत करतात.

तेव्हा ट्रेनर अगदीच थापा मारत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांचे जंतू जंतुविरहित उंदरांत सोडले, तर सडपातळ उंदरांचे जंतू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यावर चरबी जास्त चढली. पण उंदराच्या पिंजऱ्याबाहेर वडापावची गाडी नसते. माणसांत नुसत्या इन्युलीनने वजन उतरलं तर थोडंच, कधी तेही नाही.

आईचं ऐका. ग्वार गम नावाचा डिंक गवारीच्या बियांतूनच काढतात, तो गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे जंतूंना आंबवता येणारा दुसरा तंतू. कोवळ्या शेंगेत तो कमी, पण असतो. मेथीदाण्यातही तोच प्रकार. कांदा-लसणात इन्युलीनच्याच कुळातली फ्रुक्टन्स, पेरूत पेक्टिन हा आणखी एक तंतू, काल शिजवून गार झालेल्या भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढलेला. सगळ्या जंतूंना एकच डबा आवडत नाही. आणि कंबर ९० च्या आत आणा, आपल्याकडच्या पुरुषांसाठी तीच हद्द धरतात.

गिरगावचा_खवय्या
मग इसबगोल काय वाईट? आमच्याकडे आजोबांपासून चालू आहे.

परळची_मास्तरीण
वाईट मुळीच नाही. पण ते जंतूंना फारसं आंबवता येत नाही, पाणी धरून बसतं. त्यामुळे गॅस कमी, पोट साफ. जंतूंची मेजवानी मात्र नाही.

मुलुंडकर४४
डबा टाकवत नाही, १,३५० रुपये आहेत हो! रविवारी चहाच्या अर्ध्या चमच्यापासून सुरू करतो, त्या दिवशी लोकल नाही. आईने पाव किलो गवार आणलीच आहे. मला ती लहानपणापासून कडू लागते.

गिरगावचा_खवय्या
लाल भोपळ्याच्या फोडी टाका, वरून शेंगदाण्याचं कूट. आणि गूळ घालताना आईकडे बघू नका.