मदत हवी आहे : पश्चिमेची भिंत आणि स्लॅब

नमस्कार मंडळी. अकोल्यात घर बांधतोय, जोतं झालंय. प्लॉट पश्चिममुखी, म्हणजे मे महिन्यात दुपारी तीनपासून ऊन थेट हॉलच्या भिंतीवर. सध्याच्या भाड्याच्या घरात रात्री अकरालाही स्लॅबला हात लावला तर गरम लागतो. पंखा तीच हवा खाली ढकलतो. आई खिडकीला ओली चादर बांधून झोपते. नव्या घरात हे नको.

पश्चिमेला रॅट ट्रॅप बाँडची भिंत घ्यावी म्हणतोय. विटा कडेवर उभ्या, मध्ये पोकळी. विटाही साधारण २५ टक्के कमी लागतात. पण आमचे मिस्त्री नाव ऐकूनच हसले, "भाऊ, त्यात उंदरंच राहतीन!" त्यांचा आग्रह नेहमीच्या नऊ इंची भिंतीचा. एएसी ब्लॉकचाही (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) विचार आहे, पण त्याला प्लास्टरवर भेगा जातात असं ऐकतो.

विदर्भात, खान्देशात कुणी अशी पोकळ भिंत बांधली आहे का? पावसात ओल येते का? खिळा, टीव्हीचं स्टँड धरतं का? आणि गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवलेला थर) टिकतो, की दरवर्षी चुनाच मारावा?

३ किलोवॅट सोलर बसवणारच आहे (७८,००० अनुदान आहे), त्यामुळे निम्मी गच्ची सावलीत जाईल. भिंतीचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, जरा लवकर सांगा.